आकडे वाचले, पण समजले काय?

पावसाळा तोंडावर आला की मरोळपासून कुर्ल्यापर्यंत मिठी नदीच्या अंगाने ज्यांची दुकाने, गाळे आणि वखारी आहेत त्यांच्या मनात एक आकडा हटकून उभा राहतो. तो ९४४ हा होय. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठापासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठापर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. जुलैच्या सबंध महिन्यात तेथे सरासरीने जेवढे पाणी पडते त्याहून हे एका दिवसाचे पाणी अधिक. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने मोजलेला पाऊस अवघा ७३ मिलिमीटर होता. आता एखाद्या कारकुनाने ह्या दोन आकड्यांची बेरीज करून तीस दोहोंनी भागिले, तर ‘मुंबईचा सरासरी पाऊस’ ५०८ मिलिमीटरांच्या थोडा वर भरतो. त्याच्या गणितात चूक काढावयास जागा नाही. परंतु हा पाऊस पडला कोठे? तो मरोळास पडला नाही आणि फोर्टातही पडला नाही. ज्याचा माल तरंगला त्यास हा आकडा थट्टेचा वाटेल, आणि कुलाब्यास ज्याने आषाढातल्या नेहमीच्या सरी पाहिल्या त्यास तो थापेचा वाटेल. दोन खऱ्या आकड्यांच्या पोटी असा एक निराधार आकडा जन्मास येऊ शकतो, आणि त्यास ‘सरासरी’ हे प्रतिष्ठित नाव मिळाले म्हणजे तो अहवालांतून सन्मानाने मिरवू लागतो.

हीच सरासरी जागेऐवजी काळाची काढून पाहू. ९४४ मिलिमीटरांस २४ तासांनी भागिले असता ताशी सुमारे ३९ मिलिमीटर येतात. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ताशी ५० मिलिमीटरांपर्यंत वाढवावी असे सुचविले होते. वरवर पाहणारा म्हणेल की, ५० ची व्यवस्था असती तर ३९ चे पाणी सुखाने वाहून गेले असते. पण पाऊस काही घड्याळ लावून, दर तासास सारखे माप घालून पडत नाही. त्या दिवशी दुपारी अडीचनंतरच्या थोड्या तासांतच त्याचा फार मोठा भाग कोसळला, आणि वर समुद्रास भरती. सरासरीत बसणारे पाणी गटारात बसले नाही! माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात पावसाच्या तासातासाच्या तीव्रतेचा विचार का करावा लागला हे ह्यावरून ध्यानात येईल. अशा प्रसंगी दिवसाच्या बेरजेपेक्षा पाणी किती वेळात पडले हा प्रश्न मोठा असतो.

तेव्हापासून आणखी एक वाक्प्रचार लोकांच्या तोंडी बसला आहे, तो म्हणजे ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’. तो ऐकून पुष्कळ शहाणी माणसे अशी समजूत करून घेतात की, २००५ साली एक येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नको. शास्त्र असे मुळीच म्हणत नाही. शास्त्र एवढेच म्हणते की, तसा पाऊस कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. तो ह्या वर्षी आला म्हणून पुढल्या वर्षाची संभाव्यता तिळभर कमी होत नाही. ढगांस स्मरणशक्ती नसते. ज्याने तीस वर्षांच्या फेडीवर मिठीकाठी गाळा घेतला त्याने हा हिशेब करावा: दर वर्षी न येण्याची शक्यता ९९ टक्के, तीस वर्षे सतत न येण्याची शक्यता ९९ टक्क्यांचा तीस वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ७४ टक्के. उरलेले २६ टक्के हे, फेड पुरी होण्यापूर्वी तसे पाणी एकदा तरी दारात येण्याचे. चारांत एकाहून किंचित अधिक! ‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्या शब्दांनी निश्चिंत झालेल्या मनुष्यास ही चारातली एक शक्यता कोणी सांगितली असती, तर त्याने विम्याचा हप्ता भरताना बहुधा काचकूच केली नसती.

कोणी म्हणेल की, हे सारे शाळेतले गणित आहे, वृत्तपत्राच्या अग्रलेखात त्याचे काय काम? शाळेत ते आहे हे आम्ही जाणतो. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचे आणि सांख्यिकीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिन्ही शब्द तेथे व्याख्येसह छापलेले आहेत. पण ते शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शिरतात आणि तेथेच त्यांची समाधी होते. दहावीस पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा पुढे दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, तेव्हा वर्तमानपत्रातले ‘दरडोई उत्पन्न’ वाचून आपल्या गल्लीतला प्रत्येक जण तेवढे मिळवितो असे मानतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत अकरा माणसांचा एक कारखाना आहे असे समजा. दहा कामगारांस दरमहा वीस वीस हजार रुपये मिळतात आणि मालकास पाच लाख. सरासरी काढली तर माणशी ६३,६३६ रुपये येतात, आणि कारखाना भलताच सुखी दिसतो. ह्या अकरा जणांस उत्पन्नाच्या क्रमाने उभे करून मधल्यास, म्हणजे सहाव्यास, विचारा. तो वीस हजार सांगेल. हा मध्यक. सर्वांत अधिक वेळा आलेली रक्कम कोणती म्हणाल तर तीही वीस हजारच, तो बहुलक. पुढल्या वर्षी मालकाचे पाच लाखांचे दहा लाख झाले तर सरासरी एक लाखाच्या वर जाते; मध्यक जागचा हलत नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, त्यास सरासरी का आवडते हे निराळे सांगावयास नको.

ह्या देशात राष्ट्रीय राजकारणाचा पाया ज्यांनी घातला त्यांस आकड्यांची ही भाषा उत्तम येत होती. दादाभाई नौरोजींनी १८७६ च्या सुमारास हिंदुस्थानचे उत्पन्न दर माणशी वर्षास वीस रुपये आहे असे सरकारी कागदांतूनच काढून दाखविले, आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रास लागणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिले. उत्तरादाखल १८८२ साली सरकारने सत्तावीस काढले. १९०१ साली लॉर्ड कर्झनने तीस काढले. वादाचा विषय वीस की तीस हा होता असे आज वाटते. पण दादाभाईंचा खरा प्रहार दुसरीकडे होता. ही सरासरी आहे, तीत राजेरजवाडे आणि गोरे अधिकारीही मिळविलेले आहेत, तेव्हा रयतेच्या वाट्यास ह्याहूनही कमी येते, हे त्यांनी ठासून सांगितले. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालत असे. १९०२ साली कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलावयास उभे राहिले, तेव्हा खजिन्यातली शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीचा पुरावा नसून जास्त करांचा पुरावा आहे हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. परकी सत्तेस जाब विचारण्याचे ते हत्यार होते. स्वकीय सत्तेस जाब विचारावयास ते लागत नाही असे कोणी समजत असल्यास त्याची लोकशाहीविषयीची कल्पना तपासून पाहावी लागेल.

सरासरी ह्या एका शब्दावरून महाराष्ट्रातल्याच दोन थोर संख्याशास्त्र्यांमध्ये केवढा वाद माजला होता, हे आजच्या पिढीस ठाऊक नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली हिंदुस्थानातील दारिद्र्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात दर माणशी दिवसास २,२५० कॅलरी ही रेषा धरली होती. ज्याच्या खर्चातून तेवढे अन्न येत नाही तो दरिद्री. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून बरीच वर्षे काम करून आले होते. त्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गरजेची म्हणून जी संख्या धरली ती सरासरी आहे, धडधाकट माणसांच्या समुदायातही निम्म्यांच्या आसपास माणसे सरासरीहून कमी खाणारीच असणार, शिवाय एकाच माणसाचा आहार आणि त्याची गरज दिवसादिवसास बदलते, आणि शरीर ठराविक मर्यादेत त्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असे मोजणे बरोबर नाही. सरासरीपासून माणसे सामान्यतः किती दूर पांगलेली असतात, म्हणजे ज्यास प्रमाण विचलन म्हणतात ते किती, हे पाहून रेषा खाली ओढिली पाहिजे. प्रतिपक्षाने विचारले, आणि आमच्या मते योग्यच विचारले, की रेषा अशी खाली ओढीत गेल्यास उपाशी माणसे कागदावरून नाहीशी होतील, पोटातली भूक कोठे जाणार? हा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला, आणि त्यात कोट्यवधी माणसे एका व्याख्येच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न गुंतला होता. सुखात्म्यांची शंका शास्त्रदृष्ट्या बिनतोड होती. तीवरून धोरण बांधताना मात्र दांडेकरांच्या बाजूने उभे राहणे आम्ही अधिक सुरक्षित मानतो, कारण पोटभर खाणारा एखादा चुकून मदतीच्या यादीत आला तर खजिन्याचे चार पैसे जातात, आणि उपाशी चुकून यादीबाहेर राहिला तर त्याचे काय जाते ते सांगावयास नको.

ह्याहून अलीकडचा मासला करोनाच्या साथीतला आहे. २०२० साली रोज सायंकाळी महापालिकेचे आकडे येत आणि घरोघर ते मोठ्याने वाचले जात. त्यांत ‘रुग्णदुपटीचा दर’ म्हणून एक रकाना असे. तो वाढला की अधिकारी समाधान व्यक्त करीत, आणि साधा वाचक बुचकळ्यात पडे. कारण मराठीत दर वाढला म्हणजे गोष्ट महाग झाली किंवा वेगाने वाढली असाच अर्थ होतो. वस्तुतः तो दर नव्हताच, रुग्णसंख्या दुप्पट होण्यास लागणारे दिवस होते. पन्नास दिवसांचे साठ झाले ही आनंदाची वार्ता. ती ‘दर वाढला’ ह्या भयसूचक शब्दांत का सांगावी? ‘दुपटीचा काळ’ हे दोन शब्द आपल्या भाषेत आयते होते. तीच गोष्ट ‘मृत्युदर’ ह्या शब्दाची. तपासणीत सापडलेल्या शंभर रुग्णांमागे किती दगावले, प्रत्यक्ष लागण झालेल्या शंभरांमागे किती, आणि लोकसंख्येतल्या हजारांमागे वर्षास किती, ह्या तीन अगदी भिन्न गोष्टी. पण तिघींस एकच नाव. मग एक जण म्हणे मृत्युदर चार टक्के, दुसरा म्हणे एका टक्क्याच्याही पुष्कळ खाली, आणि दोघेही एकमेकांस खोटे ठरवीत. भागाकारात वरचा आकडा सर्वांस दिसतो. खालचा कोणता हे विचारण्याची सवय आपल्यास नाही. आमचे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे की, कोठेही टक्का दिसला की ‘कशाचे?’ हा एकच प्रश्न त्यांनी विचारावा.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या रक्ततपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: झोपडपट्टीतल्या तपासलेल्यांपैकी ५७ टक्के आणि बाहेरच्यांपैकी १६ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वी लागण झाल्याच्या खुणा मिळाल्या. नमुने होते ६,९३६. एवढ्या थोड्यांवरून लाखोंविषयी बोलणे हे पुष्कळांस थोतांड वाटले. ते थोतांड नव्हे. भात शिजला की नाही हे गृहिणी शितावरून ओळखते, फक्त भांडे नीट ढवळलेले असावे लागते. नमुना यदृच्छेने निवडावा ह्या नियमाचा अर्थ तोच. पण ते भांडे कोणते हे पाहावयास नको काय? ती तपासणी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा ह्या बाजूंच्या तीन विभागांत झाली होती. मरोळ ज्या के-पूर्व विभागात मोडते तो त्यांत नव्हता. असे असता ‘मुंबईत ५७ टक्के’ असे बेधडक बोलणारे आपल्या आसपास किती तरी निघाले, आणि ५७ व १६ यांचे मिश्रण करून मध्यावरचा एक आकडा ठोकून देणारेही निघाले. कुलाब्याच्या पावसात सांताक्रूझचा पाऊस मिसळण्याचाच हा प्रकार.

आता व्यापारी वाचकांसंबंधी दोन शब्द. टक्का हा त्यांच्या रोजच्या वहिवाटीचा शब्द, तरी तोच त्यांस सर्वांत अधिक फसवितो. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ वरून ५.५ वर आणिला. ही घट अर्ध्या टक्क्याची की सव्वाआठ टक्क्यांहून थोडी अधिक? दोन्ही खरे. सहाच्या मानाने अर्धा म्हणजे ८.३ टक्के, आणि दोन टक्केवारींमधले नुसते अंतर अर्धा टक्केबिंदू. जाहिरात देणारा मोठा आकडा निवडतो, वसुली करणारा लहान. ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के’ ही पाटी वाचून गिऱ्हाईक ७० टक्क्यांचा आनंद मानते; शंभराचे पन्नास, पन्नासाचे चाळीस, म्हणजे सूट साठच. पण गिऱ्हाइकास हसणारा दुकानदार स्वतः कर्ज काढताना काय करतो? वर्षाच्या मुदतीने एक लाख, व्याज ‘सपाट’ दहा टक्के, बारा सारखे हप्ते. दहा हजार व्याज, ९,१६७ चा हप्ता. सावकार प्रामाणिक दिसतो. परंतु मुद्दल दर महिन्यास फिटत असता व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर घेतले जाते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर वर्षास अठरा टक्क्यांच्या घरात जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारांस आणि लघुउद्योगांस मुदतीचे कर्ज देताना सर्व खर्च धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर ठळक माहितीपत्रकात लिहून द्यावा असे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. ते पत्रक मागून घ्या, आणि सहीपूर्वी त्यातली ती एक ओळ तरी वाचा. सहीनंतर वाचणारे अशील वकिलाकडे येते, आणि तेव्हा वकिलाचाही फारसा उपयोग नसतो.

शब्द कोणते वापरावे हा वाद आमच्याकडे जुना आहे. एक पक्ष म्हणतो, इंग्रजी शब्दच ठेवा. दुसरा असे संस्कृत शब्द घडवितो की त्यांचा अर्थ लावण्यास शास्त्रीबोवा बोलवावे लागतात. ‘शतमक’ हा शब्द घ्या. २०१९ पासून राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे निकाल ह्याच मापात लागतात, आणि अजूनही पुष्कळ पालक ९० शतमक म्हणजे शंभरांत नव्वद गुण असे समजून पेढे वाटतात. त्याचा अर्थ एवढाच की, बसलेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जण ह्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. मग त्याचे प्रत्यक्ष गुण पन्नास असोत की ऐंशी. ‘शंभरांत नव्वद मागे’ असे कंसात छापले असते तर गोंधळ टळला असता. शब्द जड असला तरी चालतो, पण त्याच्या शेजारी अर्थ बसविला पाहिजे. हे काम शास्त्रज्ञांपेक्षा वृत्तपत्रांचे अधिक आहे.

आणि सोपे करू पाहणाऱ्यांचे स्वागत आपण कसे करतो? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबरच ‘वीस सात’ असेही वाचन सुचविले गेले. मराठीत आकडा लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, त्यातून एकोणतीस म्हणजे तिसास एक कमी. लहान मुलांस हे कठीण जाते, म्हणून दक्षिणेकडील भाषांप्रमाणे सरळ वाचनाचीही मोकळीक असावी, एवढाच गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा हेतू होता. जुने शब्द त्यांनी काढून टाकले नव्हते. तरी विधिमंडळापासून नाक्यापर्यंत असा गिल्ला झाला की जणू मराठी भाषाच बुडाली. आम्हांस स्वतःस ‘सत्तावीस’ प्रिय आहे. पण विदुषीने मांडलेल्या शैक्षणिक सूचनेस थट्टेने उत्तर देणे हे ज्या महाराष्ट्रात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला गेला त्या महाराष्ट्रास शोभणारे नव्हते. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शके ११२८ मधील शिलालेख आहे, आणि त्याच्या मराठी भागात बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा त्या मठास लावून दिल्याची नोंद आहे. गणिताच्या अभ्यासाचा भार बाजारपेठेने उचलावा ही कल्पना, तेव्हा, नवी नाही. अंधेरी-मरोळच्या व्यापारी मंडळींनी हे ध्यानी घ्यावे.

कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांस एका गोष्टीची खूण पटेल. खटल्यात आरोप शाबीत झाला नाही म्हणजे आरोपीस संशयाचा फायदा मिळतो. तो गुन्हा घडलाच नव्हता असे न्यायालय म्हणत नसते. संख्याशास्त्रात ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ ह्या वाक्याचा अर्थ नेमका तसाच: पुरावा पुरेसा नव्हता. औषधाच्या किंवा बियाण्याच्या बाबतीत हे वाक्य वाचून ‘काहीच अपाय नाही’ असा निवाडा देणारे लोक, सुटलेल्या प्रत्येक आरोपीची मिरवणूक काढणाऱ्यांच्या जातीचे होत. तसेच ‘लक्षणीय’ म्हणजे मोठा असेही नव्हे. लाख माणसांच्या पाहणीत क्षुल्लक फरकही लक्षणीय ठरू शकतो.

२०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरविली आहे. तोवर आपल्या हाती २०११ चेच आकडे: मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ माणसे, दहा वर्षांत ८.२९ टक्के वाढ. आणि मुंबई शहर जिल्ह्यात ७.५७ टक्के घट. दोहोंस एकत्र करून ‘मुंबईची वाढ मंदावली’ असे म्हणणाऱ्यांनी उपनगरांच्या पाण्याचा, रुग्णालयांच्या खाटांचा आणि शाळांच्या वर्गांचा हिशेब किती वर्षे चुकविला ह्याची चौकशी कोणी तरी करावयास पाहिजे. नव्या गणनेचे आकडे येतील तेव्हा ते प्रभागवार, मध्यकासह आणि साध्या मराठीत छापून प्रत्येक विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत, अशी आमची महापालिकेस सूचना आहे. फलकास लागणारा खर्च आमच्या अंदाजाने एका मॅनहोलच्या झाकणाहून अधिक येणार नाही.